दुसरा हात

कल्याणात कोणी 'ठाण्याला जातोय' म्हटलं तर त्याच्याकडे कोणीही ढुंकून बघत नाही. पण 'अमक्याला ठाण्याला नेलं' असं म्हटलं की भाजी निवडणाऱ्या बायकांचे हात थांबतात, कारण त्याचा अर्थ एकच, वेड्यांच्या इस्पितळात नेलं. बाबुराव घागांची सगळी नोकरी खोपटच्या एसटी डेपोत कंडक्टर म्हणून गेली, म्हणजे हा माणूस अर्धा जन्म ठाण्याला जात-येत होता. त्या दिवशी मात्र ते चाळीतून चोरासारखे निघाले. कोणी विचारलंच तर पेन्शनचं काम आहे असं सांगायचं ठरवलं होतं.

बायकोला, शेवंतीला, त्यांनी बरोबर चल म्हणून सांगून पाहिलं. ती जागची हलली नाही.

"मी नाय येणार. माझा पोरगा वेडा नाय," ती म्हणाली.

"अगं, वेडा ठरवायला नाही बोलवलं. कोर्टाचा हुकूम आहे."

"मग कोर्टात बोलवायचं. त्या इस्पितळात कशाला?"

चपला घालून बाबुराव जिन्याकडे वळले तशी ती उंबऱ्यापर्यंत आली. "सासूबाईंची गोष्ट तेवढी सांगा," ती हळू आवाजात म्हणाली. "बाकी काही बोलला नाहीत तरी चालेल. पण ती गोष्ट विसरू नका."

विसरायचा प्रश्नच नव्हता. निकाल लागल्यापासून बाबुराव त्या एकाच गोष्टीला धरून उभे होते. तो निकाल त्यांनी कोर्टात मागच्या बाकावर बसून ऐकला होता, आणि ऐकल्यावर शेजारच्या अनोळखी माणसाला विचारलं होतं, 'कोणाबद्दल बोलतायत?' तेव्हापासून त्यांना सगळंच उशिरा ऐकू येई. कोणी हाक मारली तरी ती त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागे. जेवताना घास हातात राही आणि शेवंतीला म्हणावं लागे, खा आता.

त्यांचा मुलगा सिद्धेश बत्तीस वर्षांचा. एका ब्यूरोतर्फे तो घरोघरी म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची सेवा करायला जायचा. ज्या पेशंटपुढे दुसरी मुलं हात टेकायची, तिथे ब्यूरोवाले सिद्धेशला पाठवायचे. ओरडणारा, शिव्या देणारा, रात्रभर घर डोक्यावर घेणारा म्हातारा असला तरी सिद्धेश गेला की शांत. लोक म्हणायचे, पोराच्या हाताला गुण आहे. डोंबिवलीत आणि ठाण्यात त्याची कामं कधी तुटली नाहीत. मग कोलशेतच्या एका टॉवरमधले एक निवृत्त बँक अधिकारी त्याच्या हाताखाली असताना गेले. म्हाताऱ्याच्या सुनेने खोलीत छोटा कॅमेरा बसवला होता, आणि तो आहे हे सिद्धेशला माहीत नव्हतं. त्या कॅमेऱ्यावरच कोर्टाने त्याला खुनाचा दोषी ठरवलं.

आता राहिली होती शिक्षा. सरकारी वकिलांनी फाशी मागितली. असहाय माणसाचा जीव त्याच्यावर विसंबून होता आणि यानेच घेतला, असं ते म्हणाले. न्यायाधीशांनी शिक्षा ठरवायच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल मागवला. हा माणूस मनाने कसा आहे, पुढे लोकांना त्याच्यापासून धोका आहे का, आणि तो सुधारेल का, एवढं त्यांना हवं होतं.

हे सगळं बाबुरावांना समजावलं राजरत्न या वकिलाने. तो सरकारने दिलेला, म्हणजे फुकटचा, म्हणून आधी बाबुरावांनी त्याला फारसं मोजलं नव्हतं. फुकटच्या वस्तूवर आपल्या माणसांचा विश्वास बसत नाही. पण त्या पोराने केस मनापासून लढवली, आणि हरल्यावर तोंडही लपवलं नाही.

"काका, त्याने केलं की नाही, हा विषय कोर्टापुरता संपलाय," तो म्हणाला होता. "आता प्रश्न एकच, फाशी की जन्मठेप. डॉक्टर घरच्यांशी पण बोलणार. तो लहानपणी कसा होता, काय चांगलं केलं, ते सांगा. पण जे असेल ते खरं सांगा हां. बनवलेलं त्या बाईंना लगेच कळतं."

बनवायची गरजच काय होती? बाबुरावांकडे आईची गोष्ट होती, आणि ती शंभर टक्के खरी होती.

इस्पितळाच्या आवारात जुनी मोठी झाडं होती आणि बाबुरावांना वाटलं होतं तसा आरडाओरडा कुठेही नव्हता. डॉक्टर नीला देवधर पन्नाशीच्या, केस आखूड कापलेल्या, आवाज खालच्या पट्टीतला. त्यांनी आधी चहा मागवला. सिद्धेशशी त्या याआधी बऱ्याचदा बोलल्या होत्या. आजही त्याला तुरुंगातून आणलेलं होतं आणि तो बाहेर व्हरांड्यात पोलिसांबरोबर बसला होता. बाबुराव दुसऱ्या बाजूने आत आल्याने त्यांना तो अजून दिसला नव्हता.

"घागकाका, घाई नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला सिद्धेशबद्दल जे सांगावंसं वाटतं, ते सांगा."

बाबुरावांनी चहा बाजूला ठेवला आणि गोष्ट सुरू केली.

त्यांची आई जाईबाई. संगमेश्वराकडच्या गावातून ती नवरा गेल्यावर कल्याणला आली, चाळीत रुळली, आणि म्हातारपणी तिचं डोकं फिरलं. आधी चहात दोनदा साखर, मग स्वतःच्या मुलाला 'तू कोण' म्हणणं. पुढे पुढे ओरडणं सुरू झालं. मला माझ्या घरी न्या, मला इथे डांबून ठेवलंय, असं ती भर दुपारी किंचाळे आणि चाळ गोळा होई. बाबुराव ड्युटीवरून दमून येत ते या आकांतात.

"कोणाचं म्हणून ऐकायची नाही, बाई. मी समजावलं तर मला चावायची. शेवंतीच्या तर अंगावर जायची. फक्त सिद्धूचं ऐकायची. तेव्हा तो कॉलेजात जायला लागलेला, सोळा-सतराचा. आम्ही हाक मारायचो, सिद्धू, आजीला शांत कर रे. पुस्तक टाकून उठायचा. कधी कपाळाला आठी नाही. त्या वयाची पोरं आजीच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत."

"शांत कशी करायचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"जवळ बसायचा. थोपटायचा. लहान बाळाला थोपटतात ना, तसं."

"तुम्ही पाहायचात?"

"त्यात पाहायचं काय? आतल्या खोलीत असायची ती. सिद्धू दार लोटून घ्यायचा. उजेड नको तिला, म्हणायचा. फटीतून त्याचा हात दिसायचा, थोपटताना." बाबुरावांनी मांडीवर थोपटून दाखवलं. "आणि बाई, आवाज असा बंद व्हायचा ना, एकदम. हळूहळू नाही. रेडिओचं बटण फिरवावं तसा. आम्हाला नवल वाटायचं. शेजारी म्हणायचे, काय जादू करतो तुमचा पोरगा?"

डॉक्टरांनी नुसती मान हलवली. बाबुरावांना वाटलं, लागतंय, मनाला लागतंय बाईंच्या. त्यांना जोर आला.

"माया किती होती सांगू? पुढे पुढे तर त्याला थोपटायलाही लागायचं नाही. ती ओरडत असली आणि हा नुसता दारात येऊन उभा राहिला, तरी ती पदर असा तोंडावर घ्यायची आणि गप्प. अंग चोरून कोपऱ्यात बसायची. नातवाचा शब्द म्हणजे शब्द."

सांगताना बाबुरावांनी खांद्यावरचा रुमाल तोंडावर घेऊन दाखवला. तो खाली घेतला तेव्हा डॉक्टर त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात कौतुक नव्हतं. कंडक्टरची नोकरी केलेल्या माणसाला चेहरे वाचता येतात. बाबुरावांना कळेना की आपण चुकीचं काय बोललो.

"कोर्टात तो व्हिडिओ दाखवला, तेव्हा तुम्ही होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"होतो."

"काय पाहिलंत तुम्ही?"

"थोपटताना पाहिलं त्याला," बाबुराव म्हणाले. हे त्यांनी घरी जाऊन शेवंतीलाही सांगितलं होतं, आणि त्या एका गोष्टीवर दोघांनी ती रात्र काढली होती. "एवढी माणसं हाय हाय करत होती, पण मी त्याचा हात बघितला. किती मायेने थोपटत होता त्या म्हाताऱ्याला. अगदी माझ्या आईला थोपटायचा तस्साच."

ते वाक्य तोंडातून गेलं आणि नेहमीप्रमाणे उशिराच त्यांच्या कानावर आलं.

"आणि दुसरा हात?" डॉक्टरांनी विचारलं.

दुसरा हात कोर्टाने पाहिला होता, राजरत्नने पाहिला होता, त्या म्हाताऱ्याच्या सुनेने पाहिला होता आणि ती तोंड दाबून बाहेर पळाली होती. उजवा हात छातीवर तालात थोपटत होता आणि डाव्या हातात घडी घातलेला टॉवेल होता. तो टॉवेल म्हाताऱ्याच्या तोंडानाकावर दाबून धरलेला होता, म्हाताऱ्याचे पाय हलायचे थांबेपर्यंत आणि त्यानंतरही. बाबुरावांनीही ते पाहिलं होतं. डोळे काही फुटले नव्हते त्यांचे. पण बापाला जेवढं सोसवतं तेवढंच बाप बघतो, आणि त्यांनी उजव्या हातावरून नजर हलवली नव्हती.

चाळीतल्या दाराच्या फटीतूनही एकच हात दिसायचा.

आईचा आवाज एकदम बंद व्हायचा. शांत झाल्यावर ती घोरत पडायची, उठली की खोकायची, डोळे लाल झालेले असायचे, आणि शेवंती म्हणायची, ओरडून ओरडून घसा बसला त्यांचा. आईचा तोंडावरचा पदर बाबुरावांना आठवला. कोपऱ्यात अंग चोरून बसलेली आई आठवली. तिच्या भीतीला त्यांनी इतकी वर्षं माया म्हटलं होतं, चारचौघांत कौतुकाने सांगितलं होतं, आणि आत्ता, या टेबलापाशी, स्वतःचा रुमाल तोंडावर घेऊन दाखवलं होतं.

"काका, पाणी घ्या," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी ग्लास पुढे सरकवला. मग म्हणाल्या, "एक गोष्ट मला विचारायलाच हवी. आजी गेल्या त्या दिवशी सिद्धेशला कोणी काही सांगितलं होतं का? तो मला काय म्हणाला ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. पण ते खरंच घडलं, की त्याच्या मनाने नंतर रचलं, हे मला समजायला हवं. ते सांगू शकेल असं दुसरं कोणी नाही."

तो दिवस बाबुरावांना आठवावा लागला नाही. घरातली ती सगळ्यात आवडती आठवण होती. डोंबिवलीची माणसं संचिताला, म्हणजे सिद्धेशच्या मोठ्या बहिणीला, बघायला येणार होती. स्थळ चांगलं होतं. आणि जाईबाईने सकाळपासून आकांत मांडला होता. घरात वेड आहे हे त्या माणसांच्या कानावर गेलं असतं तर ती जिन्यावरूनच परत फिरली असती. शेवंती स्वयंपाकघरात पोहे परतत होती. बाबुराव शर्टाची बटणं लावत आतल्या खोलीच्या दाराशी आले आणि मुलाला म्हणाले, 'सिद्धू, आज जरा लवकर शांत कर रे तिला. पाहुणे जाईपर्यंत आवाज येता कामा नये.'

आला नाही आवाज. सिद्धेश बाहेर आला, पाहुण्यांना वाकून नमस्कार केला, पोहे दोनदा मागून घेतले. पाहुणे म्हणाले, घर शांत आहे हो तुमचं. लग्न जमलं. ती मंडळी गेल्यावर शेवंती सासूला चहा द्यायला आत गेली तेव्हा जाईबाई गार पडली होती. आजी शांत झाली, असं सगळ्यांनी म्हटलं. मेली कोण म्हणतो आपल्यात? आणि तेराव्याला बाबुरावांनीच डोळे पुसत सगळ्यांना सांगितलं होतं, नातीचं लग्न मोडू नये म्हणून पाहुणे जाईपर्यंत थांबली माझी आई.

"मी हो म्हटलं तर त्याला फाशी होईल?" बाबुरावांनी विचारलं.

"शिक्षा न्यायाधीश देतात. मी माणूस कसा आहे ते लिहिते. तुमच्या उत्तराचा कोर्ट काय अर्थ लावेल, ते मला खरंच माहीत नाही."

पण बाबुरावांना ते कळत होतं. नाही म्हटलं की तो विषय तिथेच संपला, मुलगा काहीतरी बरळतो एवढंच उरेल. हो म्हटलं की त्याच्या नावावर आणखी एक जीव, आणि तोही स्वतःच्या आजीचा. असल्या माणसाला कोण म्हणेल की सुधारेल? "मी जरा बाहेर जाऊन येतो," ते म्हणाले.

व्हरांड्यात बाकावर दोन पोलिसांच्या मध्ये सिद्धेश बसला होता. दाढी केलेली, केस नीट विंचरलेले, तब्येत बरी. त्याचा डावा हात बेडीने एका पोलिसाच्या हाताला अडकवलेला होता. बापाला बघून तो उठला, तसा पोलिसालाही उठावं लागलं.

"बाबा, रडताय?"

बाबुरावांना आपण रडतोय हे माहीत नव्हतं. लहान मुलासारखा हुंदका त्यांना फुटला आणि व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. सिद्धेश जवळ आला. त्याच्या चेहऱ्यावर खरी कणव होती, ती खोटी असती तर बरं झालं असतं.

"बाबा, मी सांगितलंय बाईंना सगळं," तो कानाशी येऊन म्हणाला. "तुमच्यावर काय येणार नाही. तुम्ही सरळ नाही म्हणा. मला चालेल."

बाबुरावांचं रडणं वाढलं. तेव्हा मुलाचा उजवा हात त्यांच्या पाठीवर आला आणि थोपटायला लागला. हलका, ऊबदार, तालात पडणारा हात.

"शांत व्हा, बाबा," सिद्धेश म्हणत होता. "शांत व्हा. शांत."

आणि बाबुराव घागांनी, ज्यांनी या मुलाला बोट धरून शाळेत नेलं होतं, खाली वाकून त्याचा दुसरा हात कुठे आहे ते बघितलं. बेडीची साखळी ताणली गेली होती. तो हात छातीपर्यंत वर आला होता, आणि पोलीस त्याला खाली ओढत होता. सिद्धेशचं तिकडे लक्षही नव्हतं. बाबुराव मागे सरकले ते भिंतीला पाठ टेकेपर्यंत सरकले. त्यांचं रडणं बंद झालं होतं, एकदम. रुमाल त्यांनी दोन्ही हातांनी तोंडावर धरला होता.

सिद्धेश समाधानाने हसला. "बघा, झालात ना शांत?" तो म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला.

बाबुराव आत गेले. खुर्चीत बसले नाहीत.

"मी सांगितलेलं," ते म्हणाले. "आज लवकर शांत कर, असं मीच म्हणालेलो. पाहुणे जाईपर्यंत आवाज नको, ते पण. पोरगा खरं बोलतोय."

डॉक्टरांनी मान हलवली. "आणि तो कधी सुटून आला, तर घरी घ्याल त्याला?"

"फाशी देऊ नका त्याला, बाई. त्यासाठी मी कोणाचेही पाय धरेन. तो पोर होता आणि पाठवणारा मी होतो, हे पण लिहा. पण घरी नको. आम्ही दोघं म्हातारी होत चाललोय. उद्या आमची डोकी फिरली आणि आम्ही ओरडायला लागलो, तर?"

इस्पितळाच्या फाटकाबाहेर रिक्षावाले 'स्टेशन, स्टेशन' ओरडत होते. बाबुरावांच्या खिशातला फोन वाजला. शेवंती होती.

"भेटलात? कसा आहे तो? बारीक झालाय?"

"बरा आहे."

"आणि सासूबाईंची गोष्ट? सांगितलीत ना?"

"सांगितली."

"सगळी?"

"सगळी," बाबुराव म्हणाले.

"बघा, मी म्हटलेलं ना." तिचा आवाज निकाल लागल्यापासून पहिल्यांदाच मोकळा झाला होता. "त्या गोष्टीवरच माझा पोरगा वाचतोय की नाही बघा. एवढ्या मायेचं पोर, त्याला फाशी कोण देईल? मग बाई काय म्हणाल्या? अहो, बोला की. एवढे शांत का झालात?"